दुखणेकऱ्याची मरळ

दवाखान्याच्या आत, कौलांखाली, खुर्चीवर बसून डोक्यावर उघडी छत्री धरलेला माणूस पाहिला तर तुम्ही काय म्हणाल? मी पहिल्या दिवशी जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मनातल्या मनात म्हणालो, पण म्हणालो.

मी जनपद सभेच्या शाळेवर मास्तर म्हणून त्या गावी गेलो तेव्हा चांदा जिल्हा अखंड होता, गडचिरोली त्यातला एक तालुका होता आणि आमची राजधानी नागपूर होती. मूलपासून बैलगाडीनं अर्धा दिवस आत गेलं की एक मोठा तलाव लागे. तलावाच्या पारेखाली, म्हणजे बांधाखाली, गाव. एका अंगाला मासे धरणाऱ्यांचा ढिवरमोहल्ला, दुसऱ्या अंगाला धान पिकवणारे कुणबी आणि थोडं जंगलात शिरलं की गोंडांचा टोला. मास्तरला राहायला जागा एकच होती, दवाखान्यामागची खोली. तिची भिंत डॉक्टरांच्या खोलीला लागून होती, त्यामुळे माझी नोकरी शाळेत असली तरी संसार डॉक्टरांशी झाला.

“वरून गळतं का हो?” मी त्या पहिल्या दिवशी छत्रीखालच्या डॉक्टरांना विचारलं.

“छे! या दिवसांत काय गळणार?”

“मग छत्री?”

“पाली पडतात,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका रोग्याला सांगितलं की डोळ्यांना उजेड सोसत नाही. तपासणीला आलेल्या साहेबाला सांगितलं, “सरकारनं पगार दिलाय, छत्री मी घेतलीय. दोन्ही वापरायला नकोत?” साहेब बिचारा चहा पिऊन गेला. त्या छत्रीचं खरं कारण मला कळायला पुढे वर्ष जावं लागलं.

माणूस पुण्याकडचा, शाकाहारी, एकटा. स्वयंपाक म्हणजे भात आणि चिंचेचं सार, सकाळी तेच आणि संध्याकाळी तेच. मोहल्ल्यात मासे वाळत घातले की आमच्या घरात वारा शिरायचा आणि मी नाक दाबून बाहेर पळायचो. हे मात्र शांतपणे सार भुरकत बसायचे. इथली बोली आपल्याला येते असा त्यांचा ठाम समज होता. “मले तुझी जीभ दाखवतोस का रे?” असं ते रोग्याला विचारत. रोगी माझ्याकडे बघे, मी छताकडे बघे.

कोणी काहीही घेऊन येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “झोप?” पायात काटा मोडलेला माणूस लंगडत आला तरी “झोप?” एकदा एक कुणबी बैल आजारी आहे म्हणून सांगायला आला. हे माणसांचे डॉक्टर, पण तरी विचारलं, “बैलाची झोप?” कुणब्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, “त्याची बरी आहे जी. मलेच लागून नाई राह्यली.” डॉक्टरांनी बैलाचा विषय सोडला आणि कुणब्याला तासभर बसवून घेतलं. तो गेला तेव्हा हसत गेला. बैलाचं काय झालं ते मला माहीत नाही.

आणि निरोप! कुठूनही निघताना त्यांना निरोप घ्यावा लागे, आणि तो माणसांचा नव्हे. विहिरीवरून पाणी आणलं की विहिरीला “येतो गं.” दवाखान्याला कुलूप लावलं की दाराला “येतो रे बाबा.” माझ्या खोलीत येऊन दोन दोन तास बसत आणि उठताना माझ्या कंदिलाचा निरोप घेऊन जात. माझा नाही.

मला या सगळ्याचा राग यायचा. मी मुळात तापट माणूस. नीटनेटकं वागणं, वेळेवर जेवणं, धोतराला डाग नाही, असा माझा खाक्या. पण गावाला त्याचं काही नव्हतं. ढिवरमोहल्ल्याची कारभारीण ठमाबाई म्हणून होती, साठीची, काटक, तोंडानं फटकळ. जाळं कधी टाकायचं, कोणी टाकायचं, वाटे कसे करायचे, सगळं तिच्या शब्दावर चाले. ती मला समजावून सांगे, “गुरुजी, साहेब लोकायचं डोकं मोठं राह्यते. मोठं राह्यते म्हून थोडं हालते. त्यात काय?”

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. “बघा गुरुजी, पगार असला की हलणारं डोकंही चालतं. एकानं केलं तर वेड, दोघांनी केलं तर रीत. तुम्हीपण एक छत्री घ्या ना.” मी घेतली नाही. मला काय वेड लागलं होतं?

आता डोमाचं सांगतो.

डोमा मोहल्ल्यातला तरणाबांड गडी. मी येण्याच्या आदल्या साली त्याची झोप उडाली. डोंगा घेऊन तलावाच्या मधोमध जाऊन बसायचा आणि माशांशी बोलायचा. मग एक दिवस दुसऱ्याचं जाळं कापून त्यानं सगळे मासे सोडून दिले. मासे सोडणं म्हणजे त्या मोहल्ल्यात केवढा गुन्हा, ते तुम्हीच समजा. लोकांनी त्याला घरच्या खांबाला बांधून ठेवलं. डॉक्टरांनी दोर सोडवला, त्याला गाडीत घातलं आणि स्वतः सोबत जाऊन नागपूरला पागलखान्यात ठेवून आले. घरच्यांनी मात्र सांगितलं, डोमा माजरीला कोळशाच्या खाणीत कामाला गेला. सगळ्या गावानं त्याला गाडीत ओरडताना पाहिलं होतं, तरी सगळं गाव “हो हो, माजरीले गेला” म्हणायचं. 

पुढे तो बरा होऊन आला. थोडा सुटला होता, बोलणं कमी झालं होतं, पण डोकं ठिकाणावर. खरा घोर तिथून सुरू झाला. लोक त्याच्याशी नीट बोलत, बिडी देत, पण जाळ्याच्या दोराला हात लावू देईनात. वैशाखात तलाव उतरला की अख्खा मोहल्ला मिळून मोठं जाळं ओढतो. दोराला ज्याचा हात तो मोहल्ल्याचा माणूस. त्याला वाटा, त्याला लग्नाचं बोलावणं, त्याच्या मयताला खांदा. दोराला हात नाही तो जिवंत असून नसल्यासारखा. लोकांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. ओढता ओढता एकानं दोर सोडला तर जाळं उचललं जातं आणि साऱ्या सालाची मासोळी खालून निघून जाते. डोमानं एकदा जाळं कापलं होतं, हे कोण विसरणार?

डोमाची बायको सिंधू. तिचा बाप सिंदेवाहीकडचा, भला माणूस, पण लोकांच्या तोंडाला भिणारा. त्यानं निरोप धाडला: “जाळ्याच्या दिशी येतो. डोम्याचा हात दोराले लागला त पोरगी तुमची. नाई त घेऊन जातो, दुसरं घर पाहून देतो.”

सिंधू दवाखान्यात आली. डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, “झोप?”

“कायची झोप जी?” ती म्हणाली आणि रडायलाच लागली. “भाऊ, मले जाचं नाई. तो बिमार होता तवा मी त्याले घास भरवला. आता तो बरा झाला त मी काऊन जाऊ?”

डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली आणि म्हणाले, “नाही जायचं. मी बघतो.” आणि लगेच एक घोळ घालून ठेवला.

घोळ असा. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते एका रिकाम्या बैलगाडीवर चढले, छत्री उघडी, आणि त्यांनी भाषण ठोकलं. “वेड म्हणजे भूत नाही, करणी नाही, कोणाच्या पापाचं फळ नाही. वेड हा आजार आहे! जसा हिवताप, जशी हगवण, तसाच आजार!” लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. कोणी उठून गेला नाही, कोणी हसला नाही. भाषण संपल्यावर डॉक्टर घाम पुसत मला म्हणाले, “पटलं बघा लोकांना.”

पटलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूला बायकांनी तलावाच्या वरच्या घाटावरून उठवलं आणि खालच्या घाटाला जायला सांगितलं. शेजारणीनं चुलीसाठी विस्तव द्यायचं बंद केलं. डोमाला बिडी देणारे लांबूनच बिडी फेकू लागले.

डॉक्टर तणतणत मोहल्ल्यात गेले, मागे मी. “अहो, हे काय चालवलंय?”

एक म्हातारा हात जोडून म्हणाला, “तुमीच त शिकवलं जी. हगवण आली तवा घरोघरी फिरून सांगे, बिमार माणसाचा लोटा अलग, घाट अलग, कपडे अलग. काल तुमीच म्हणलं का हे बी हगवणीसारखंच आहे म्हून.”

“अरे पण हे लागत नाही!”

“तवा त म्हणलं, आजार म्हणजे एकाचा दुसऱ्याले.”

म्हातारा एक अक्षर खोटं बोलत नव्हता. सिंधू दारात उभी होती. ती म्हणाली, “भाऊ, भूत होतं तोवर बरं होतं. भूत एकाच्याच आंगात राह्यते.”

त्या दिवशी डॉक्टरांनी कोणालाच “झोप?” विचारलं नाही. छत्रीखाली नुसते बसून राहिले. मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. जाळ्याचा दिवस पंधरवड्यावर आला होता.

सकाळी उठून ते टोल्यावर गेले, गोंडांच्या पुजाऱ्याकडे. डोमाच्या आजारात त्याच्या आईनं पुजाऱ्यालाही बोलावलं होतं, त्यामुळे डॉक्टर आणि पुजारी एकमेकांकडे वाकड्या नजरेनं बघत. दोघांत काय बोलणं झालं माहीत नाही. परत आले तेव्हा पुजारी सोबत होता आणि डॉक्टर विलक्षण खुशीत होते. “गुरुजी, हा माणूसही आधी झोपच विचारतो!” असं मला चारदा सांगितलं आणि मलाही धरून ठमाबाईच्या अंगणात नेलं.

ठमाबाई जाळं सांधत बसली होती. तिनं तिघांकडे पाहिलं. “पुजारी आन डाक्टर एकाच वाटेनं आले म्हणजे काई त भानगड आहे.”

“मी पाह्यलं बाई,” पुजारी म्हणाला. “डोम्याच्या आंगावर आता काई नाई.”

“मीही पाहिलं,” डॉक्टर म्हणाले. “ताप नाही, विकार नाही. झोप उत्तम.”

“याचं भूत गेलं, तुमचा आजार गेला. मंग उरलं काय?”

“उरला डोमा,” डॉक्टर म्हणाले.

ठमाबाईची सुई थांबली. ती म्हणाली, “मले पटून काय होते? मोहल्ल्याले पटा लागते. लागते का नाई लागत, हे डोळ्यानं पाह्यल्याबिगर त्याच्या बाजूले उभं राहून कोनी दोर नाई धरनार.”

“मी त्याच्या लोट्यानं आंबील पितो. सगळ्यांसमोर. मग तर झालं?”

“तुमी?” ठमाबाईनं छत्रीकडे पाहिलं. “राग नोका मानू भाऊ. तुमाले लागलं त आमाले समजन कसं?”

पुजारी आधी हसला. मग डॉक्टर हसले. मीही हसलो, आणि तिथेच फसलो, कारण तिघंही एकदम माझ्याकडे बघू लागले.

“गुरुजी!” ठमाबाई म्हणाली. “गुरुजीएवढा सुधा, सरळ माणूस पंचक्रोशीत नाई. आज पैल्या डाव हासले.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. माझं वरोऱ्याला स्थळ बघणं चाललं होतं. वेड्याच्या लोट्यानं आंबील पिणारा जावई कोण करून घेईल? पण अंगणाच्या कडेला सिंधू उभी होती. नुसती माझ्याकडे बघत होती. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय करतो?

बाजाराच्या दिवशी, त्याच गाडीसमोर, डोमानं लोटा तोंडाला लावून अर्धी आंबील प्यायली आणि उरलेली मला दिली. मी डोळे मिटून घटाघटा प्यायलो. पुढच्या बाजारापर्यंत वाट पाहायची असं ठरलं. डोमा हळूच मला म्हणाला, “घाबरू नोका गुरुजी. मले बी पैल्या दिशी काईच नोतं वाटलं.” हा त्याचा धीर!

त्या आठवड्यासारखा आठवडा वैऱ्यालाही येऊ नये. अख्खं गाव मी वेडा होतो का म्हणून टपून बसलं होतं. मी शाळेत पाढे घोकून घेतले तर खिडकीतून कुजबुज, “मोठ्यानं बोलून राह्यले.” गप्प बसलो तर, “बोलत नाई.” दुपारी जरा डोळा लागला तर “लई झोपते”, आणि बाहेर फेऱ्या मारल्या तर “झोप उडाली वाट्टे”. ओसरीवर चढलेल्या कुत्र्याला “हाड!” म्हणालो तर तासाभरात मोहल्ल्यात बातमी पोचली की गुरुजी कुत्र्याशी बोलून राह्यले. पोरांना कळलं की गुरुजी चिडले तर पागल ठरतील. मग काय विचारता! एकानं माझ्या खुर्चीखाली बेडूक सोडला. मी त्याच्याकडे बघून गोड हसलो, तर पोरगं “लागलं, लागलं!” ओरडत घरी पळालं.

डॉक्टर रोज संध्याकाळी छत्री घेऊन यायचे आणि माझी गंमत बघत बसायचे. मी दात ओठ खाऊन म्हणालो, “अहो, काहीही केलं तरी हे लोक तेच बघतात!”

“हो ना,” ते म्हणाले. “तुमची पुढच्या बाजाराला सुटका आहे. डोमाला कोणता बाजार?” आणि कंदिलाला “येतो रे” म्हणून निघून गेले.

बाजाराचा दिवस उजाडला. गर्दी जमली. ठमाबाईनं मला गाडीसमोर उभं केलं, वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, “गुरुजी, कसं वाटून राह्यलं?”

मग मात्र माझा तोल सुटला. “कसं वाटून राह्यलं म्हणजे? लाज वाटत नाही विचारायला? आठवडा झाला, मला धड जेवू देत नाही, झोपू देत नाही, पोरं डोक्यावर बसलीत! मी पागल नव्हतो, तुम्ही सगळे मिळून मला पागल करायला निघालात! चालते व्हा इथून, एकेकाचे कान उपटीन!”

डॉक्टरांनी छत्री तोंडावर ओढून घेतली. ठमाबाईनं शांतपणे मोहल्ल्याकडे वळून सांगितलं, “हे त आपलेच गुरुजी आहे. बराबर आहे. काई नाई लागलं.”

आणि लोकांनी माना डोलावल्या! एवढं ओरडलो, तर त्यांना माझ्या शहाणपणाचा पुरावा मिळाला. दुसऱ्या सकाळी सिंधू वरच्या घाटावर धुणं धूत होती.

जाळ्याच्या दिवशी सिंधूचा बाप पहाटेच गाडी जुंपून आला आणि पारेवर येऊन बसला. तोंड गंभीर. ठमाबाईनं डोमाला दोरावर उभं केलं आणि त्याच्या एका बाजूला मला, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांना. “लोकं मासे धरतील, तुमी दोघं याले धरा,” ती म्हणाली. डॉक्टरांचे बूट काढलेले पाय गावानं पहिल्यांदा पाहिले. गुडघाभर चिखलात उभे, एका हातात दोर, दुसऱ्या हातात छत्री.

“भाऊ,” डोमा म्हणाला, “दोनी हात लागते.”

डॉक्टर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी छत्री मिटली आणि पारेवर सिंधूकडे फेकली. मी ती मिटलेली पहिल्यांदाच पाहिली.

ओढणं सुरू झालं. माझे तळहात सोलून निघाले. डोमा आम्हाला सांगत होता, “आता. आता ओढा. दम घ्या. सोडू नोका.” जाळं आवळत आलं तशी एक मोठी रोहू पाण्याबाहेर उसळली. डोमा तिच्याकडे बघत राहिला आणि सारे त्याच्याकडे. “ये माय, ये, घरी चाल,” तो तिला म्हणाला. तेवढ्यात पलीकडचा म्हातारा आपल्या समोरच्या माशाला म्हणाला, “ये ये, लाजू नोको.” मग कळलं की जाळं ओढताना सगळेच माशांशी बोलतात. दोर कोणी सोडला नाही.

मग वाटे. पळसाच्या पानांवर मासोळीचे ढीग लागले. इथे मोहल्ल्याची एक रीत सांगायला हवी. वाटा देताना ठमाबाई प्रत्येकाला मोठ्यानं विचारायची, “घरी कोन पडून आहे?” घरात कोणी आजारी असेल तर त्याच्या नावानं एक जिवंत मरळ वेगळी मिळे, कारण मरळ दुखणेकऱ्याला बळ देते. साऱ्यांसमोर विचारायचं आणि साऱ्यांसमोर सांगायचं. डोमा नागपूरला होता त्या साली त्याच्या आईला विचारलं, तर ती मान खाली घालून म्हणाली होती, “कोनी नाई.” आजारी पोराची मरळ तिनं घेतली नव्हती.

ठमाबाई डोमापाशी आली. “घरी कोन पडून आहे?”

“कोनी नाई,” डोमा म्हणाला. “मी उभा आहो.”

तिनं त्याच्यापुढे वाटा ठेवला. सगळ्यांनी पारेवर पाहिलं. सिंधूचा बाप उठून खाली आला, पण त्याचं तोंड उतरलेलंच होतं. “हात लागला, मानतो मी,” तो म्हणाला. “पन बाई, मन नाई मानून राह्यलं. चांगल्या घरात असं निघतच नाई. माझी पोट्टी जनमभर लोकायचं आयकन. मी तिले घेऊन जातो.”

सिंधूनं छत्री छातीशी घट्ट धरली. ठमाबाई रीतीप्रमाणे पुढच्या वाट्याकडे वळली. पुढचा वाटा डॉक्टरांचा होता.

“डाक्टर भाऊ, घरी कोन पडून आहे?”

दोघंतिघं हसले. सड्या माणसाच्या घरी कोण पडणार? मीही हसणार होतो. पण डॉक्टर हसले नाहीत.

“आहे,” ते म्हणाले. “बहीण. थोरली.”

“माय वं! काय झालं तिले?”

“डोमाला झालं होतं तेच. मी शाळेत होतो तेव्हापासून.” मग ते सिंधूच्या बापाकडे वळले. “माझ्या वडिलांचं घर चांगलं आहे, बाबा. दोन माड्यांचं. गावात मान आहे. तिला वरच्या माडीत कोंडून ठेवली आहे. कोणी विचारलं तर घरचे सांगतात, ती मेली. मीही आजवर तेच सांगत आलो.”

त्यांचा आवाज फुटला होता. इतके महिने भिंतीला भिंत लावून राहिलो, पण हा माणूस रडू शकतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. दोघांच्याही हातांची सालं निघालेली, त्यामुळे दोघंही कळवळलो.

ठमाबाईनं मडक्यात हात घातला, त्यातली सगळ्यात मोठी मरळ काढली आणि डॉक्टरांच्या वाट्याशेजारी ठेवली. “तिची,” ती म्हणाली.

सिंधूचा बाप त्या मरळीकडे बघत उभा राहिला. मग त्यानं डोक्याचं पागोटं काढून तोंड पुसलं. “ऊन लई झालं,” तो लेकीला म्हणाला. “घरी चाल. पानी पाज.” आणि गाडीकडे न जाता तो डोमाच्या घराची वाट चालू लागला.

डॉक्टरांपुढे आता वेगळाच पेच. जन्मात मासा न खाल्लेला माणूस आणि हातात जिवंत मरळ! दवाखान्याच्या हौदात त्यांनी ती सोडली, तिला भाताची शितं घातली आणि सकाळ संध्याकाळ तिचा निरोप घेऊ लागले. पंधरा दिवसांनी रजा टाकली. जाताना विहीर, दार, हौद, मरळ, कंदील, सगळ्यांना “येतो” झालं. आणि त्या दिवशी मलाही म्हणाले, “येतो, गुरुजी.” मला वाटलं, हा माणूस आता परत येत नाही.

आले. पावसाच्या तोंडावर गाडी दवाखान्यासमोर थांबली. आतून एक पांढऱ्या केसांची, काडीसारखी बाई उतरायला लागली. उतरण्याआधी तिनं डॉक्टरांच्या हातातली छत्री काढून घेतली, उघडली आणि तशीच दारातून आत गेली.

“ही बी?” ठमाबाईनं विचारलं.

“तिचीच आहे ती सवय,” डॉक्टर म्हणाले. “ती घरात छत्री उघडायची, घरचे ओरडायचे. म्हणून मीपण उघडायला लागलो. म्हटलं, दोघं झालो की रीत होईल. घरच्यांनी मला डॉक्टरकीला धाडलं आणि तिला माडीवर.”

मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ताईंना सुरुवातीला झोप नव्हती. डॉक्टर रोज सकाळी त्यांच्या दाराशी उभे राहून विचारत, “झोप?” आतून उत्तर येत नसे. सिंधू दुपारी येऊन बसे, केस विंचरून देई. पुजारी कधी कधी येऊन नुसता ओसरीवर बसून जाई. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी आतून आवाज आला, “लागली.” डॉक्टरांनी दवाखान्याला सुट्टी दिली आणि माझ्या शाळेलाही द्यायला लावली. मी चिडलो, पण दिली. 

पुढच्या वैशाखात पुन्हा जाळं. डॉक्टर बोडक्या डोक्यानं दोरावर उभे होते, उन्हानं लालबुंद झालेले, माझ्या आणि डोमाच्या मधे. वाटे लागले. ठमाबाई आली. “डाक्टर भाऊ, घरी कोन पडून आहे?”

“पडून कोणी नाही,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पारेकडे बोट केलं. तिथे ताई छत्री उघडून बसल्या होत्या, आणि त्या एका छत्रीखाली सिंधू आणि मोहल्ल्यातल्या आणखी चारपाच बायका डोकी घुसवून, एकमेकींना ढकलत, खिदळत बसल्या होत्या.

“मंग मरळ नाई भेटत बरं,” ठमाबाई म्हणाली.

“नकोच,” डॉक्टर म्हणाले. इतक्या आनंदानं काही नाकारणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.